एक नाटक, दोन नाट्यगृहं: आरोग्याचं ॲप दोन्ही फोनवर चालवताना

पाचपाखाडीत दवाखाना असलेले एक डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत. मधुमेह आणि बीपीचे पेशंट त्यांच्याकडे भरपूर. घरी मोजलेलं बीपी पेशंट वहीत लिहून आणतात. वही कधी घरी राहते, कधी पावसात भिजते, आणि कधी तर महिन्याभराचे आकडे आदल्या रात्री एका बैठकीत लिहिलेले असतात. (शाई एक, अक्षराचा कल एक, लगेच ओळखू येतं म्हणतात.) म्हणून त्यांनी ॲप करायचं ठरवलं. मशिनमधून आकडा थेट फोनमध्ये, फोनमधून दवाखान्यात. मी महापेच्या एमआयडीसीत अशाच ॲपांवर काम करतो, म्हणून विचारायला आले. एकाने त्यांना अँड्रॉइडचं आणि आयफोनचं असं वेगवेगळं कोटेशन दिलं होतं. दुसरा म्हणाला होता, "एकदाच लिहू, दोन्हीकडे चालेल, निम्म्यात काम."

"यातला खरं कोण बोलतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हटलं, दोघंही. फक्त तो 'निम्म्यात' शब्द काढून टाका.

त्यांना नाटकाचं वेड आहे, म्हणून तिथूनच समजावलं. दुपारचा प्रयोग ठाण्यात गडकरी रंगायतनला, रात्रीचा वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृहात. संहिता तीच. सेट टेम्पोत घालून नेता येतो. पण लाइटचा बोर्ड, माइक, पडदा ओढायची दोरी आणि दोरीजवळचा माणूस हे ज्या त्या नाट्यगृहाचं. दुपारी जिथे स्पॉट पडला तिथे रात्री पडेलच असं नाही, आणि ते बघायला कुणीतरी आधी जाऊन उभं राहावं लागतं.

ॲपमध्येही हेच तीन थर आहेत. संहिता म्हणजे हिशोब: सरासरी कशी काढायची, कोणता आकडा धोक्याचा, कुणाला कळवायचं. सेट म्हणजे पडद्यावरची बटणं, आलेख, रंग. तिसरा थर फोनच्या मालकीचा: ब्लूटूथ, गजर, ॲप बंद असताना चालणारी कामं, परवानग्या, बॅटरी. साड्या विकणारं ॲप पहिल्या दोन थरांवर निभावून जातं. आरोग्याच्या ॲपचा सगळा भार मात्र तिसऱ्या थरावर असतो. 'एकदा लिहा' हे आश्वासन नेमकं तिथेच पातळ होतं.

मुळात दोनदा लिहायची वेळ का येते? आयफोनचं ॲप ॲपलच्या स्विफ्ट भाषेत लिहितात, अँड्रॉइडचं कोटलिन किंवा जावात. दोन भाषा म्हणजे दोन टीम, आणि त्याच चुका दोन वेगळ्या पद्धतींनी. यातून सुटका शोधायची धडपड जुनी आहे. २००८ मध्ये फोनगॅप आलं. आत वेबपेज आणि बाहेरून ॲपचं कवच, असा तो प्रकार. पुढे त्यातूनच अपाचे कॉर्डोवा झालं. २०१५ मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट नेटिव्ह खुलं केलं. यात तुमचा कोड जावास्क्रिप्टमध्ये असतो आणि मधला दुभाषा फोनला त्याचीच बटणं मांडायला सांगतो. गूगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ ची. फ्लटर म्हणजे सेट टेम्पोत घालून आणणारी मंडळी. फोनकडून कोरी जागा घेते आणि प्रत्येक ठिपका स्वतः रंगवते, त्यामुळे दोन्हीकडे ॲप हुबेहूब दिसतं. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर जाहीर झालं. त्याची मूळ पद्धत अशी, की संहिता एक आणि सेट ज्या त्या नाट्यगृहाचा.

यातलं सगळ्यात चांगलं कोणतं, यावर आमच्या कँटीनमध्ये वडापाव थंड होईपर्यंत भांडणं होतात. मला त्यात फारसा रस नाही. मी वेगळं बघतो: हे पाच-सात वर्षांनी असेल का? झॅमरिन नावाचं असंच एक साधन मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विकत घेतलं आणि १ मे २०२४ ला त्याचा सपोर्ट थांबवला. खेळाचं ॲप असतं तर नवं लिहिलं आणि झालं. पण बीपीचं मशिन लोक कपाटात वर्षानुवर्षं ठेवतात, आणि त्याच्याशी बोलणारं ॲप तेवढंच जगावं अशी त्यांची अपेक्षा रास्त असते.

आता मशिनकडे येऊ. घरगुती बीपी मशिन ब्लूटूथवरून आकडा पाठवतं तेव्हा तो साधा १२० म्हणून येत नाही. प्रमाणित पद्धतीत तो सोळा बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या सोळा घरांत, गुंडाळलेला असतो. त्यातले बारा बिट आकड्याचे, चार बिट दशांशचिन्ह कुठे द्यायचं ते सांगणारे. म्हणजे एक मशिन सरळ १२० पाठवेल. दुसरं १२०० पाठवेल आणि सोबत सांगेल, 'दशांश एक घर डावीकडे'. हे सोबतचं सांगणं ज्याने वाचलं नाही त्याच्या ॲपवर आजोबांचं बीपी बाराशे. शिवाय पट्टा सैल असला, माप नीट झालं नाही, तर 'आकडा नाही' या अर्थाचा एक राखीव संकेत येतो. तो संकेत न ओळखता आकडा म्हणून वाचला तर पडद्यावर २०४७ उमटतं. मशिन खोटं बोललेलं नसतं, ऐकणाऱ्याने नीट ऐकलेलं नसतं.

एककाचीही गंमत आहे. त्याच निरोपात एक बिट सांगतो की आकडा मिलिमीटर पाऱ्यात आहे की किलोपास्कलमध्ये. १२० मिलिमीटर पारा म्हणजे १६ किलोपास्कल. साखरेच्या मशिनचा प्रमाणित निरोप तर लिटरमागे किलोग्रॅममध्ये किंवा लिटरमागे मोलमध्ये येतो! आपण डेसिलिटरमागे १०० मिलिग्रॅम म्हणतो ते तिथे ०.००१ असतं. आणि परदेशातल्या मुलाने पाठवलेल्या मशिनवर ५.५ दिसलं म्हणून इथे घाबरायचं कारण नाही. मिलिमोलला अठराने गुणा, ९९ येतात.

हा उलगडण्याचा भाग मात्र एकदाच लिहावा, असं माझं ठाम मत. निरोपाचे बाइट दोन्ही फोनवर तेच असतात. मग एकच कोड, त्याच्यावर शंभर चाचण्या, आणि दोन्हीकडे तोच. इथे 'एकदा लिहा' खरोखर पेशंटच्या भल्याचं आहे, कारण दोन टीमनी दोनदा लिहिलं तर कधीतरी एकीचं उत्तर चुकणार.

पण मशिन शोधून जोडण्याचा भाग वेगळा. अँड्रॉइडवर ॲपला मशिनचा ब्लूटूथ पत्ता दिसतो. आयफोनवर ॲपल तो दाखवत नाही. त्याऐवजी फोन स्वतःच एक ओळख तयार करून देतो, आणि तेच मशिन दुसऱ्या आयफोनवर दुसऱ्या ओळखीने दिसतं. समजा अँड्रॉइडवरचा पत्ता धरून दवाखान्याने 'हे मशिन जोशीकाकूंचं' अशी नोंद केली. काकूंनी मुलाचा आयफोन घेतला की ती नोंद बिनकामाची. उपाय म्हणजे पत्ता सोडून मशिनमधला सिरियल नंबर वाचणं, आणि हे पहिल्या दिवशी ठरवावं लागतं. परवानगीचंही तसंच. अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये आसपासची ब्लूटूथ मशिनं शोधायला लोकेशनची परवानगी लागायची. 'बीपी मोजायला माझा पत्ता कशाला?' असं विचारून ॲप काढून टाकणारे आजोबा मी पाहिले आहेत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी वेगळी परवानगी आली. पण जुने फोन अजून खिशात आहेतच.

सगळ्यात फसवा प्रकार गजराचा. 'सकाळी आठला थायरॉइडची गोळी' एवढंच तर सांगायचंय, असं वाटतं. आयफोन एका ॲपला फोनमध्येच लावून ठेवलेल्या ६४ सूचनांपर्यंतच जागा देतो. दिवसाला सहा गोळ्या घेणाऱ्या पेशंटचे प्रत्येक डोसचे वेगळे गजर लावले, तर अकराव्या दिवशी कधीतरी शांतता. मधे ॲप उघडलं तर पुढचे लावता येतात. पण जो पेशंट ॲप उघडतच नाही, त्यालाच तर आठवण हवी असते. अँड्रॉइडवर दुखणं निराळं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन पडून असला की डुलकी घेतो आणि ॲपांची कामं मागे ढकलतो. अचूक वेळेच्या गजराला १२ पासून स्वतंत्र परवानगी आली आणि १४ पासून नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲपांना ती आपोआप मिळत नाही. सूचना दाखवण्याची परवानगी १३ पासून वेगळी मागावी लागते. त्यावर काही फोन कंपन्या बॅटरी वाचवायला आपली भर घालतात, आणि 'ऑटोस्टार्ट' नावाचं बटण सेटिंगच्या पोटात शोधावं लागतं. माझ्या मावशीच्या फोनवर मी ते शोधून दिलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, त्यापेक्षा शेजारची सुमन हाक मारते ते बरं." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

ही किरकोळ गैरसोय नव्हे. अमेरिकेत टँडम कंपनीच्या इन्सुलिन पंपाबरोबर टी:कनेक्ट नावाचं ॲप येतं. २०२४ मध्ये त्याची आयफोनवरची २.७ आवृत्ती सदोष ठरली. ॲप कोसळायचं, आयफोन ते पुन्हा उठवायचा, उठल्यावर ते पुन्हा पंपाशी ब्लूटूथवर बोलायला लागायचं आणि पुन्हा कोसळायचं. या फेऱ्यांत पंपाची बॅटरी भराभर उतरायची आणि पंप बंद पडला की इन्सुलिन थांबायचं. त्या वर्षीच्या १५ एप्रिलपर्यंत २२४ जणांना इजा झाल्याची नोंद झाली, मृत्यू सुदैवाने एकही नाही. लक्षात घ्या, डोस चुकला नव्हता, हिशोब चुकला नव्हता. संहिता ठीक होती, लाइटच्या बोर्डाने घात केला. तोही फक्त एका नाट्यगृहात.

आता थोडं आपल्या मराठीबद्दल, कारण हे इंग्रजीतल्या मार्गदर्शक पानांवर सहसा वाचायला मिळत नाही.

फोन जगभरच्या भाषांच्या सवयी एका प्रमाणित तक्त्यातून घेतात. त्या तक्त्यात हिंदीसाठी नेहमीचे अंक इंग्रजी आहेत आणि मराठीसाठी देवनागरी. म्हणजे हिंदीत तपासलेलं ॲप व्यवस्थित चालतं, टीम निर्धास्त होते, आणि मराठी निवडल्याबरोबर १२० देवनागरीत उमटतो. दिसायला छान. पण तोच मजकूर पुढे आकडा म्हणून वाचायला गेलात की प्रत्येक भाषेचं वागणं वेगळं. जावा पूर्णांक म्हणून देवनागरी '१२०' मुकाट्याने स्वीकारते. दशांशाचा आकडा म्हणून दिला तर त्रुटी दाखवून थांबते. जावास्क्रिप्ट म्हणते हा आकडाच नाही. स्विफ्ट रिकामे हात दाखवते. आणि जिथे कुणीतरी घाईत 'आकडा नसेल तर शून्य धर' असं लिहून ठेवलंय, तिथे काकूंची साखर शून्य होऊन डॉक्टरांकडे जाते. बीपी पूर्णांकात असतं म्हणून चाचणीत सगळं पार पडतं, आणि इन्सुलिनचे '२.५' युनिट आले की कोसळतं. यावर आमचा नियम साधा: साठवताना आणि पाठवताना अंक नेहमी इंग्रजी, देवनागरी फक्त दाखवताना. कुणी देवनागरीत टाइप केलं तर दारातच बदलून घ्यायचं.

दाखवतानाही विचार करावा लागतो. मराठीतला १ हा इंग्रजी नवासारखा दिसतो आणि ५ हा चारासारखा. आपल्याला ते जाणवत नाही, कारण आपण वाचत नाही, ओळखतो. पण नवी मुंबईतल्या रुग्णालयांत केरळहून आलेल्या सिस्टर पुष्कळ. रात्रपाळीला पेशंटच्या फोनवर '१५ युनिट' बघणाऱ्या एखाद्या सिस्टरला ते चौऱ्याण्णव वाटायला कितीसा वेळ लागणार? मी स्वतः मराठी शाळेत शिकलो, देवनागरी अंकांवर माझं प्रेम आहे, तरी औषधाचा डोस मी इंग्रजी अंकांतच दाखवतो. वर्णन मराठीत, आकडा असा की खोलीतल्या प्रत्येकाला एकच वाचता येईल. दशांशाचंही पथ्य आहे: अर्धा लिहायचा तर आधी शून्य हवंच, आणि पाचाच्या पुढे उगाच दशांश-शून्य नको, कारण ठिपका पुसट झाला की पाचाचे पन्नास होतात. उरलं ते किरकोळ. 'मिलिग्रॅम'वरचा चंद्र वरच्या ओळीत कापला जातो. मोठी अक्षरं लावलेल्या फोनवर 'जतन करा'चं 'जतन क' होतं.

नेटवर्कबद्दल फार सांगत नाही. पूर्वी जलद लोकलने पारसिकच्या बोगद्यातून रोज गेलेल्याला ते शिकवायला नको. आकडा आधी फोनमध्ये साठवायचा, नेटवर्क आलं की पाठवायचा, आणि प्रत्येक मापाला स्वतःचा क्रमांक द्यायचा, म्हणजे तेच माप दोनदा चढणार नाही. फक्त मशिनच्या घड्याळावर विसंबू नये. सेल बदलले की काही मशिनांची तारीख कित्येक वर्षं मागे जाते.

मग कायदा. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आलं. धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग आहेत. सोप्या भाषेत: ॲप नुसती वही असेल तर गोष्ट वेगळी, तेच ॲप निदान करायला किंवा इन्सुलिनचा डोस काढून द्यायला लागलं, की ते उपकरण ठरण्याच्या दिशेने चाललं. डॉक्टरांना मी म्हटलं, तुमची वहीच राहू द्या, सल्ला तुम्ही द्या. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, म्हणजे पेशंटची संमती त्याला कळेल अशा भाषेत हवी. पुढे आभाशी जोडायचं असेल (तो चौदा अंकी आरोग्य क्रमांक), तर नोंदी फायर नावाच्या प्रमाणित साच्यात ठेवाव्या लागतात. त्याची भारतीय रूपं पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतल्या केंद्राने तयार केली आहेत.

वैद्यकीय सॉफ्टवेअर कसं बनवावं याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२३०४. त्यात एक शब्द येतो, 'सूप'. मूळ गाव माहीत नसलेलं सॉफ्टवेअर असा त्याचा अर्थ. दोन्हीकडे चालणारं ॲप करताना ब्लूटूथ, गजर, आलेख यांसाठी आपण लोकांनी लिहिलेले तयार भाग उचलतो. त्या प्रत्येक भागाच्या पोटात आणखी भाग असतात. उद्या ब्लूटूथचा भाग सांभाळणारा कुणी हौशी माणूस कंटाळला, तर? म्हणून सुपात काय काय पडलंय याची यादी ठेवावी लागते. आणि ब्लूटूथ व गजर हे दोन भाग मी शक्यतो उधार घेत नाही. ते स्विफ्टमध्ये आणि कोटलिनमध्ये दोनदाच लिहितो. कोटेशनमधलं 'निम्मं' जातं ते इथे.

डॉक्टरांनी हे सगळं ऐकलं आणि गप्प झाले. मग मीच सुचवलं, आधी पेशंटकडे फोन कोणते आहेत ते तरी बघा. त्यांच्या कंपाउंडरने आठवडाभर केसपेपरच्या मागे पेनाने लिहून ठेवलं. यादी आली तेव्हा अँड्रॉइडच अँड्रॉइड, बरेचसे मुलांनी वापरून झालेले. आयफोन मोजके. पण कंपाउंडर हुशार. त्याने शेजारी लिहिलं होतं: 'हा मुलाचा, तो दुबईला', 'मुलीचा, खारघर', 'मुलगा पुण्यात असतो'. आयफोनवाल्यांना बीपी मोजायचंच नव्हतं. त्यांना आईचं बीपी बघायचं होतं.

मग कामाचा आकारच बदलला. मशिनशी बोलणं आणि गोळीचा गजर फक्त अँड्रॉइडवर, कोटलिनमध्ये, निगुतीने. हिशोब आणि पडदे सामायिक. आयफोनवर नुसतं बघायचं. मात्र नुसतं बघण्यालाही एक काटा आहे. २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीस अमेरिकेत साखर सतत मोजणारे सेन्सर बनवणाऱ्या डेक्सकॉम कंपनीची सर्व्हर-सेवा अडखळली. मुलांची साखर दुरून बघणाऱ्या आईबापांच्या फोनवर इशारे येईनासे झाले, आणि कितीतरी घरांत ती शांतता म्हणजे सगळं ठीक आहे असं समजलं गेलं. म्हणून आमच्या आयफोनच्या पडद्यावर आईचं बीपी लहान अक्षरात आहे, आणि त्याच्या वर, दुप्पट मोठ्या अक्षरात, 'शेवटचं माप: काल सकाळी ७:४०'.